खंडेनवमीचं टोकन

नव्याचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी, तरुणशी, ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे दोन हजार तेवीसची. माघात साखरपुडा झाला, चैत्रात मोडला, आणि श्रावणात तरुणचे आईवडील फळांची परडी घेऊन पुन्हा मैसुरातल्या नजरबादच्या घराच्या पायऱ्या चढले, तेव्हा जगन्नाथरावांनी कानडी अदबीच्या 'री'सकट दारातच विचारलं, "बसा री बसा. या वेळी किती दिवसांसाठी?"

मोडायचं कारण साधं होतं. नव्यानं मोठ्या कंपनीतली नोकरी सोडली होती आणि तरुणच्या आईला बिनपगारी सून नको होती. जुळायचं कारण त्याहून साधं. तरुणनंही नोकरी सोडली. "दोघंही बिनपगारी झाली," जगन्नाथरावांच्या पत्नी भागीरथीबाई म्हणाल्या, "आता कोण कुणाला नावं ठेवणार?"

नव्या ही जगन्नाथरावांची नात. तिनं आणि तरुणनं मिळून लष्कर मोहल्ल्यात, पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली होती. खाली दिवसभर हातोडीची ठणठण, वर ही दोघं कानात बोळे घालून बसलेली. ती जी वस्तू बनवत होती तिला ती टोकन म्हणायची. अंगठ्याएवढी काळी पट्टी, एका टोकाला संगणकात खुपसायची जीभ, मधोमध सोनेरी ठिपका. बँकेच्या नाहीतर पतपेढीच्या संगणकात शिरायचं तर नुसता पासवर्ड चालायचा नाही. हे टोकन खुपसायचं, ठिपक्यावर बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला की दार उघडलं.

कंपनीला पैसे हवे होते. तीन पतपेढ्या माल घ्यायला तयार होत्या, पण माल बनवायला आधी भांडवल लागणार होतं. आणि त्याच वर्षी आषाढात जगन्नाथरावांनी पिरियापट्टणची तंबाखूची जमीन विकली होती. पानं वाळवायच्या भट्टीकडं बघायला घरात कुणी उरलं नव्हतं. पैसे नवराबायकोच्या नावे अर्धे अर्धे बँकेत पडून होते. नव्यानं अज्जाला सरळच विचारलं होतं, "अज्जा, तुम्ही आमच्या कंपनीचा हिस्सा घेता का?"

जगन्नाथरावांनी आयुष्यभर घोडेस्वार पोलिसांत नोकरी केली. पूर्वज मैसूरच्या राजांच्या घोडदळातले, भिंतीवर त्यांची तलवार आणि भाला. हे स्वतः दफेदार म्हणून निवृत्त झाले. बिथरलेल्या घोड्याला ते घाबरले नाहीत, पण आदल्या वर्षापासून ते मोबाईलला घाबरत. कारण असं, की एका दुपारी फोन आला. "सार, नमस्कार सार, आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा राहिलाय सार." आवाज इतका गोड, इतका अदबशीर, की जगन्नाथराव खुर्चीत सावरून बसले. त्यानं मोबाईलवर आलेला आकडा विचारला, यांनी सांगितला. दुसरा विचारला, दुसराही सांगितला. चहा निवायच्या आत पेन्शनचं खातं कोरडं झालं. पैसे गेले त्यापेक्षा, आपण ते आपल्या तोंडानं दिले हे त्यांना लागलं होतं. तेव्हापासून घरात कुणी ऑनलाइन म्हटलं की ते उठून अंगणात जात.

आणि आता नात सांगत होती, त्याच धंद्यात पैसे घाला.

"हे बघा अज्जा," नव्यानं टोकन त्यांच्या तळहातावर ठेवलं. "पासवर्ड सांगता येतो. मोबाईलवरचा आकडा सांगता येतो. ह्याच्या पोटात जे आहे ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही. माहीतच नाही तर फोनवर सांगणार काय?"

"आणि बनवलंस तू, तरी तुला माहीत नाही?"

"नाही. ते आत तयार होतं आणि आतच राहतं."

"असं तुम्ही म्हणता. मागनं कुठंतरी एक दार ठेवलेलं असेलच. सरकारी कचेरीला पण मागचं दार असतं."

"नाही ठेवलं."

"हम्," जगन्नाथराव म्हणाले. हा माणूस हम् म्हणाला की त्याचा विश्वास बसलेला नाही हे घरात सर्वांना ठाऊक होतं.

शेजारचे गुंडेराव रोज सकाळी पेपर वाचायला येत. ते लांबचे नातेवाईक, जवळचे टीकाकार. "काय री जगन्नाथराव, जमीन विकून हवा विकत घेताय? जमीन डोळ्याला दिसते. शेअर म्हणजे काय, कागद. तो पण आता कागद नाही म्हणे, सुम्ने, नुसता कंप्युटरमध्ये असतो."

"अजून घेतला नाही," जगन्नाथराव म्हणाले.

"बुडाली तर?"

त्यांनी तोच प्रश्न नव्याला विचारला. ती म्हणाली, "बुडाली तर तुमचे पैसे गेले अज्जा. परत मिळणार नाहीत. हे मी आधीच सांगते. म्हणून सगळे घालू नका, म्हातारपणाचे बाजूला ठेवा." हे उत्तर त्यांना आवडलं. फोनवरच्या त्या माणसानं बुडायची गोष्ट एकदाही काढली नव्हती. तरी मन धजेना. दुधानं पोळलेलं तोंड ते. "दसरा होऊ दे, मग सांगतो," ते म्हणाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. मैसुरात त्या दिवशी रिक्षापासून छापखान्यापर्यंत सगळ्याची पूजा होते, पण जगन्नाथरावांच्या घरची रीत जरा कडक होती. तलवार, भाला, जुन्या रिकिबी लाल कापडावर मांडायच्या. त्यांच्या रांगेत घरातल्या प्रत्येकानं आपलं हत्यार ठेवायचं, ज्याच्यावर तो पोट भरतो ते. कोहळा फोडून आरती झाली, की दुसऱ्या दिवशी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घरात येईपर्यंत रांगेतली एकही वस्तू उचलायची नाही. ना मालकानं, ना राजानं. एका वर्षी त्यांच्या मुलानं स्कूटरची चावी ठेवली आणि बेंगळूरची गाडी चुकवली. एका वर्षी धाकटे बंधू, जे छापखान्यात मुद्रितं तपासत, त्यांनी चष्मा ठेवला आणि रात्रीच्या पंगतीत खिरीऐवजी सांबारात साखर घालून घेतली. पण उचललं कुणी नाही. वडिलांच्या काळात नाही, यांच्या काळात नाही.

त्या सकाळी नव्या लवकर आली, कारण दुपारी एक मोठे पाहुणे यायचे होते. कृष्णमूर्ती नावाचे गृहस्थ, सिंगापूरला असत आणि नव्या कंपन्यांत पैसे घालत. महिनाभर ते गोकुलमला योगासनं शिकायला आले होते आणि त्याच संध्याकाळी परत निघणार होते. लष्कर मोहल्ल्यातली खोली सणामुळं बंद, रस्ते उद्याच्या मिरवणुकीसाठी अडवलेले, म्हणून त्यांना घरीच बोलावलं होतं. नव्यानं दोन टोकनं मेजावर ठेवली, एक रोजचं आणि एक राखीव, आणि अज्जीला पुरण वाटायला मदत करायला आत गेली.

जगन्नाथराव रांग मांडत होते. मेजावरची टोकनं त्यांच्या नजरेस पडली. त्यांच्या मनात आलं, या घरात इतकी वर्षं पुरुषांची हत्यारं मांडली. बायकांची म्हणून फक्त विळी आणि सुरी. ही पहिली मुलगी, जिचं स्वतःचं हत्यार आहे, स्वतःच्या धंद्याचं. पैसे घालू न घालू, मान तर द्यायला हवा. त्यांनी दोन्ही टोकनं उचलली, तलवारीच्या मुठीशी अगदी मानाच्या जागी ठेवली, वर गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या दोन पाकळ्या ठेवल्या. मग चौकात जाऊन कोहळा फोडला, आरती झाली, बत्तासे घातलेले चुरमुरे वाटले. नव्याला आरतीच्या गर्दीत रांग दिसलीच नाही. ती मागं घंटा वाजवत होती.

कृष्णमूर्ती आले तेव्हा तरुणही त्याच्या घरची पूजा उरकून लॅपटॉप घेऊन पोचला. पाहुणे उंच, सडपातळ, अंगात सैल पांढरा सदरा-पायजमा. मान जरा वाकडी. "शीर्षासन," ते कन्नडात म्हणाले आणि मानेवर हात ठेवून कसनुसं हसले. भागीरथीबाईंनी त्यांना पुरणाची होळिगे वाढली. ते एक खाऊन दुसरीला बेडा बेडा, नको नको म्हणत राहिले आणि दुसरीही संपवली.

"दाखवा," ते म्हणाले.

नव्या मेजाकडं गेली. मेज रिकामं. तिनं पिशवी पाहिली, पर्स पाहिली. मग तिची नजर लाल कापडावर गेली आणि ती जागच्या जागी थांबली.

"अज्जा... दोन्ही ठेवलीत?"

"दोन्ही," जगन्नाथराव अभिमानानं म्हणाले. "तलवारीच्या शेजारी." आणि मग नातीच्या चेहऱ्याकडं बघून त्यांच्या लक्षात आलं, आपण काय केलं.

तरुणनं कपाळाला हात लावला. कृष्णमूर्तींना सगळं समजावून सांगितलं. ते सभ्य माणूस होते, हसले. "ठीक आहे. मग पासवर्डनं उघडा."

"नुसत्या पासवर्डनं उघडत नाही," नव्या म्हणाली.

"मोबाईलवर आकडा मागवा."

"तो रस्ता आम्ही ठेवलेलाच नाही."

"तुम्ही मालक आहात. मालकासाठी काहीतरी असेल. पाठीमागून."

"नाही सर."

"एकदाच. माझ्यासाठी. मला पाचला निघायचंय, आणि मी न बघता पैसे घालत नाही." आवाज गोड होता, अदबशीर होता.

जगन्नाथरावांनी मान वर केली. असल्या आवाजानं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. ते तरुणकडं बघत राहिले. पोरगं घामानं भिजलं होतं. एवढा मोठा माणूस हातातून चाललाय, लग्न नुकतंच पुन्हा जुळलंय, घरी आई वाट बघतेय. कुठं एखादी फट असती तर या क्षणी त्यानं ती उघडली असती. कुणीही उघडली असती. जगन्नाथरावांनी तरी त्याला आणखी एकदा डिवचून पाहिलं. दफेदाराचा आवाज काढला. "तरुण! मी सांगतो, उघड ते. घरातला मोठा सांगतोय."

"अज्जा," तरुण रडकुंडीला आला, "तुम्ही सांगा नाहीतर जिल्हाधिकारी सांगू देत, ते उघडतच नाही हो! आम्हीच तसं बनवलंय!"

"आमचं डोकं फिरलं होतं तेव्हा," नव्या म्हणाली, आणि त्या अवस्थेतही तिला हसू फुटलं.

गुंडेराव चुरमुरे खात सगळं बघत होते. "अय्यो, त्यात काय? जगन्नाथराव, उचलू द्या पोरीला. दोन मिनिटं. देवी काय घड्याळ लावून बसलीय?"

जगन्नाथराव उठले. रांगेपाशी गेले. परत आले. वडिलांनी कधी उचलू दिलं नाही. आपण मुलाची गाडी चुकवली, भावाला आंधळं फिरवलं. आज नातीसाठी उचललं तर त्या दोघांना काय तोंड दाखवणार? आणि नाही उचललं तर पोरीचं नुकसान, तेही आपल्या हातानं, मान द्यायच्या नादात. त्यांचा हात पुढं गेला आणि तिथंच राहिला.

"कशाला उचलताय?" भागीरथीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "लॅपटॉप तिकडं न्या की."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"अहो, टोकन उचलायचं नाही ना? मग ते राहू दे तिथंच. यंत्राला ढकला त्याच्याकडं." त्या पदर खोचत पुढं आल्या. "मी इतकी वर्षं काय करते? नवमीला विळी रांगेत असते. तुम्हाला संध्याकाळी ओल्या खोबऱ्याची कोशिंबीर लागते. ती काय आभाळातून पडते? विळी मी उचलते कुठं? नारळच तिच्याकडं घेऊन जाते."

जगन्नाथरावांचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे तू... देवीसमोर बसून... नारळ खवतेस?"

"तुम्ही झोपलेले असता दुपारी. आणि देवीला काय, वासच येतो खोबऱ्याचा."

गुंडेरावांना हसता हसता ठसका लागला. चुरमुरे नाकात गेले. कृष्णमूर्तींना कुणीतरी कन्नडात सांगितलं, आणि तेही वाकडी मान धरून हसायला लागले.

मग जे झालं ते नजरबादेत पुढं पुष्कळ दिवस सांगितलं गेलं. लाल कापडाच्या कडेला पाट ठेवला, पाटावर लॅपटॉप. टोकन आडवं पडलेलं, लॅपटॉपचं भोक वर. मग पाट काढला. भोक खाली. मग खाली पोथी ठेवायला नको म्हणून पेपराची घडी घातली. तरुण पोटावर पालथा पडून लॅपटॉप तसूतसूनं पुढं सरकवू लागला. नव्या दुसऱ्या बाजूनं पालथी, नेम सांगायला. दिसेना म्हणून कृष्णमूर्तीही पायजम्यासकट पालथे पडले. "हे आसन मला येतं," ते म्हणाले, "भुजंगासन." गुंडेरावांना मागं राहवलं नाही, तेही पडले. तलवारीसमोर चार माणसं साष्टांग पडलेली बघून शेजारची सुष्मा दारातून हात जोडूनच निघून गेली. तिला वाटलं, या घरची रीतच असेल.

"डावीकडं... थोडं... आयतु, झालं!" नव्या ओरडली. टोकन भोकात शिरलं. दिवा काही लागेना.

"गंध," जगन्नाथराव अपराध्यासारखे म्हणाले. "मी जरा सढळ लावलं."

लॅपटॉप मागं सरकवला. भागीरथीबाईंनी पदराचं टोक ओलं करून टोकनाची जीभ जागेवरच पुसली, बाळाचं नाक पुसावं तशी, आणि नंतर कोरड्या टोकानं पुन्हा. तरुणनं परत नेम धरला. या वेळी दिवा लुकलुकला.

"आता बोट ठेवायचं," नव्या म्हणाली आणि अज्जाकडं बघून थबकली. "शिवलेलं चालतं?"

जगन्नाथरावांनी विचार केला. "शिवल्याशिवाय नमस्कार कसा होणार? उचलायचं नाही. नमस्कार कर."

नव्यानं सोनेरी ठिपक्यावर बोट ठेवलं. हिरवा दिवा लागला. पडद्यावर दार उघडलं, आणि जगन्नाथरावांच्या घरात त्या दिवशी दुसऱ्यांदा घंटा वाजली. ती भागीरथीबाईंनी वाजवली.

कृष्णमूर्तींनी पालथं पडूनच अर्धा तास सगळं बारकाईनं पाहिलं, पुष्कळ प्रश्न विचारले. गुंडेरावांना मात्र उठताच येईना. त्यांना दोघांनी काखेत धरून उभं केलं. जाताना कृष्णमूर्ती म्हणाले, कंपनी आवडली, पण त्यांच्या भागीदारांना विचारावं लागेल, महिना दीड महिना जाईल. आणि एक अट घालून पाहिली. मोठी गिऱ्हाइकं मागतात, तेव्हा आपल्या हातात एक गुप्त वाट ठेवलीत तर ते दुप्पट पैसे घालतील. नव्यानं तरुणकडं पाहिलं, तरुणनं नव्याकडं. "नाही सर," दोघं एकदमच म्हणाली. कृष्णमूर्तींनी मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलली नाही, म्हणून हात हलवला आणि गेले.

घर शांत झालं. पोरं पायरीवर बसली होती. दुप्पट पैसे नाकारले, आणि एकपट मिळतील की नाही तेही ठाऊक नाही. तरुण म्हणाला, "झालं. आता पेट्यांच्या दुकानातच नोकरी धरतो."

जगन्नाथराव त्यांच्या मध्ये जाऊन बसले. "मी घालतो," ते म्हणाले.

"अज्जा, आज तुमच्या चुकीमुळं झालं म्हणून नको हं," नव्या म्हणाली. "दया म्हणून नको."

"गप. दया कसली? मागच्या साली मला एक माणूस सार सार म्हणाला आणि मी सगळं सांगून बसलो. आज तुला एक जण गोड बोलला, मी दरडावून बोललो, गुंडेराव मध्ये बोलला. तुझं टोकन बधलं नाही. तुम्ही दोघं पण बधला नाहीत. एवढं मला डोळ्यांनी दिसलं. आता बुडाली तर बुडाली. म्हातारपणाचे बाजूला ठेवतो, बाकीचे तुमचे. हिस्सा मात्र लेखी पाहिजे."

"लेखीच देणार."

"आणि या कंपनीचा पहिला हिस्सेदार मी. तसं लिहा."

नव्यानं तरुणला कोपरानं ढोसलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"दुसरा," भागीरथीबाई आतून म्हणाल्या. "मी गणपतीतच घातले माझे."

"मला न विचारता?"

"तुम्ही अंगणात होता. ऑनलाइन म्हटलं की जाता ना उठून?"

जगन्नाथराव काही क्षण रागावायचा प्रयत्न करत राहिले. मग पोटातून हसू आलं, इतकं, की कुंपणापलीकडून गुंडेरावांनी कंबर धरत विचारलं, आता काय झालं? आणि झालेलं ऐकल्यावर म्हणाले, "मग मला तिसरा करा री. थोडेच घालीन. कंबरेच्या औषधाचे वजा करून."

त्या पैशांवर पहिला माल निघाला आणि संक्रांतीच्या आत तिन्ही पतपेढ्यांत पोचला. कृष्णमूर्तींच्या भागीदारांनी उन्हाळ्यात होकार कळवला, गुप्त वाटेशिवाय, एकपटच. नव्या आणि तरुणचं लग्न वैशाखात झालं. जगन्नाथराव दर शुक्रवारी रिक्षा करून लष्कर मोहल्ल्यात जात, हिस्सेदार म्हणून. खालच्या ठणठणीत त्यांना काही ऐकू येत नसे, तरी खुर्ची ओढून बसत, माल किती गेला विचारत, चहा घेत आणि समाधानानं परत येत. कंपनीनं पुढच्या दिवाळीपर्यंत थोडा नफा दाखवला. तो वाटायचा की धंद्यात परत घालायचा असा प्रश्न सभेत आला, तेव्हा परत घाला म्हणून पहिला हात त्यांनी वर केला, आणि या वेळी भागीरथीबाईंचा दुसरा होता.

दोन हजार पंचवीस साली, रथसप्तमीच्या दिवशी, मंगळवारी सकाळी, अंगणात ऊन खात बसलेले असताना जगन्नाथराव वारले. वय अठ्ठ्याहत्तर होतं.